वादळाच्या डोळ्यातलं अंगण

मंगळवार, अकरा मार्च. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी कँडलनट क्रीक गावाच्या टोकाला राहणाऱ्या एनिड हॅलोरनच्या घराचं छप्पर चक्रीवादळात उडालं. स्वयंपाकघरातलं घड्याळ भिंतीवरून पडून तिथेच थांबलं. एनिड एकटी होती, वय चौऱ्याहत्तर. तिला खरचटलंही नाही.

पाच आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, रीटा गाउचीची जुनी गाडी त्या गल्लीत शिरली. रीटा पूर्वी एका विमा कंपनीत सर्व्हेअर होती. आता ती कंपन्यांनी दावा नाकारलेल्या लोकांसाठी स्वतंत्र तपास करायची. शेजारच्या सीटवर नेव्ह ओडगर्स होता. पस्तीस वर्षं छपरं घातलेला, गुडघा दुखावल्यापासून वर न चढणारा.

वाटेत दोन मोठी झाडं अजून तशीच पडली होती. खालच्याचा शेंडा उत्तरेला. त्याच्या उरावर आडव्या झालेल्याचा शेंडा दक्षिणेला.

"भांडून झोपलेलं जोडपं," नेव्ह म्हणाला.

रीटाने गाडी थांबवून त्या झाडांकडे बराच वेळ पाहिलं. मग पुढे निघाली.

वादळाने ओरबाडलेल्या सगळ्या फांद्यांना भलत्या ऋतूत पोपटी पालवी फुटली होती. गल्लीच्या टोकाला दोनच घरं. उत्तरेला व्हिन्स बॉनफांतीचं, उसाला लागून. दक्षिणेला एनिडचं. एनिडच्या फाटकापाशी माणसाएवढा, न उडणारा एक कॅसोवरी पक्षी उभा होता. रानातली फळं झडून गेल्यापासून हे पक्षी गावात यायला लागले होते. त्याने दोघांकडे सावकाश पाहिलं आणि तो बाजूला झाला.

घराच्या आत सगळं निळं होतं. वर आढ्यापासून खालपर्यंत निळी ताडपत्री ताणली होती आणि तिच्यातून गाळून आलेला उजेड भांड्यांवर, पलंगावर, एनिडच्या पांढऱ्या केसांवर पसरला होता. नेव्हला आपण पाण्याखाली बसून चहा पितोय असं वाटलं. कपाटावर एक हिरवा बेडूक डोळे मिटून बसला होता.

"त्याला राहू द्या," एनिड म्हणाली. "भाडं देत नाही, पण तक्रारही करत नाही."

तिने कंपनीचं पत्र पुढे केलं. रीटाने ते मोठ्याने वाचलं. पॉलिसीच्या अर्जात छप्पर नवं आणि स्क्रूने बसवलेलं असल्याचं लिहिलं होतं. प्रत्यक्षात अंगणात सापडलेले पत्रे जुने, गंजलेले आणि खिळ्यांचे होते. खोटी माहिती दिल्यामुळे दावा नामंजूर. हरकत असेल तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पुराव्यासह कळवावं.

"आणि नाही कळवलं तर?" नेव्हने विचारलं.

"तर महिनाअखेरीला नगरपालिका घराला सील लावणार. राहायला धोकादायक. मुलगी पर्थला घेऊन जाते म्हणतेय. दहाव्या मजल्यावर." एनिडने कपातला चमचा उगाच ढवळला. "तिथे पावसाचा आवाज येत नाही. मी गेल्या वर्षी राहून आले ना."

"छप्पर खरंच नवं होतं?"

"नऊ वर्षांपूर्वी घातलं. डॅरिल कीओने. रोख दिले. पावती असेल तर ती ओढ्यात असेल."

नेव्ह हात धुवायला मागे गेला. बोळात एक जुनी रंगवलेली पाटी टांगली होती: 'डोळ्यात बाहेर पडू नका'. वादळाच्या मधोमध वारा थांबतो, ऊन पडतं, त्याला डोळा म्हणतात. तेव्हा बाहेर गेलेला माणूस दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यात सापडतो.

"ती मॉर्टची," एनिडने आतून सांगितलं. "आमचे हे तीस वर्षं बचाव पथकाचे प्रमुख होते. लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा लोकांना हेच सांगायचे."

धुण्याच्या खोलीत खिडकीशी एका बरणीत एकच पीस उभं होतं. वरून काळं, खालून पांढरं. नेव्हने ते उचलून पाहिलं. सुरय पक्ष्याचं, समुद्रावरचं.

"समुद्र इथून किती?" परत आल्यावर त्याने विचारलं.

"वीस किलोमीटर," एनिड म्हणाली आणि तिने विषय बदलला.

निघताना रीटा दारात थांबली. "झोप लागते का तुम्हाला?"

"लागते. पण एक स्वप्न सारखं पडतं. मी गाऊनवर मागच्या अंगणात उभी आहे. वारा नाही. वर विहिरीच्या तोंडासारखं गोल निळं आभाळ. ऊन कसं, रविवारच्या सकाळसारखं. अंगण झाडून काढल्यासारखं, नुसती आंब्याची पानं. कपडे वाळत घालायच्या लोखंडी छत्रीवर एक पक्षी बसलाय, दमलेला. मी हात पुढे करते तर हातात येतो."

"स्वप्नात घराला छप्पर असतं?"

एनिडने जरा विचार केला. "नाही. मागे वळून बघते तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळ दिसतं."

गाडीत बसल्यावर नेव्ह म्हणाला, "बिचारी. स्वप्नांवर दावा मिळत नाही."

"पक्षी हातात कसा आला असेल?" रीटाने विचारलं.

"स्वप्नात काय, हत्तीसुद्धा येतो."

रीटाने गाडी सुरू केली.

विमा कंपनीचा सर्व्हेअर टोबी व्हिटमोर मोटेलच्या व्हरांड्यात खिमा पॅटिस खात बसला होता. मेलबर्नहून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा. नाकाची साल निघालेली.

"मी दुष्ट नाहीये," तो आधीच म्हणाला. "दिवसाला अकरा घरं बघतो. हे फोटो बघा."

फोटोत एनिडचं दक्षिणेकडचं, मागचं अंगण होतं. कपडे वाळत घालायची लोखंडी छत्री मोडून जमिनीला टेकली होती आणि तिच्यावर पत्र्यांचा खच. गंजावर कधीतरी चांदीचा रंग मारलेला, त्याचे पोपडे सुटलेले.

नेव्ह फोटोवर वाकला. "हे आखूड पत्रे आहेत. एका उतारावर दोन-दोन जोडलेले. हा बघ, जिथे एकावर एक चढला होता तिथला पट्टा गंजलेला नाही."

"म्हणजे जुनं काम. तेच तर म्हणतोय मी," टोबी म्हणाला. "उपग्रहाच्या चित्रात तिचं छप्पर चंदेरी दिसतं. हेही चंदेरी. नवं असल्याचा पुरावा नाही."

"घरावर पत्र्यांखालच्या लाकडी रिपा राहिल्या असतील. स्क्रूची भोकं दिसली असती."

"रिपांसकट उडालंय सगळं."

"हे पत्रे तिचेच कशावरून?" रीटाने विचारलं.

"मग कुणाचे? गल्लीत दोन घरं. दुसऱ्याचं छप्पर जागेवर आहे, मी स्वतः पाहिलंय. चांगले लांब पत्रे, पक्के स्क्रू. त्या माणसाला आम्ही आतली छतं आणि गाद्यांचे पैसेसुद्धा दिले."

"छप्पर जागेवर होतं, तर आतलं छत भिजलं कसं?"

टोबीने घास थांबवला. "पन्हळ तुंबली, पाणी उलटं आत गेलं म्हणाले."

"तू कितव्या दिवशी पोचलास?"

"नवव्या."

रीटाने वहीत एक आकडा लिहिला.

डॅरिल कीओ त्याच्या शेडमध्ये बोटीला रंग देत होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा परवाना गेला होता. त्यामुळे त्याच्या शब्दाला कंपनीच्या लेखी किंमत नव्हती, आणि हे त्याला ठाऊक होतं.

"नेव्ह ओडगर्स, तू? माझं काम तपासायला?" तो म्हणाला. "तू घातलेल्या शाळेच्या छपराखाली मुलं छत्र्या घेऊन बसायची."

"तुझी दोन शेडं तर पावसाआधीच गेली," नेव्ह म्हणाला. "म्हातारीला जुनेच पत्रे परत ठोकून नव्याचे पैसे घेतलेस का, एवढंच सांग."

डॅरिलने ब्रश खाली ठेवला. "बाकी लोकांना फसवलंय मी, ते कबूल. मॉर्टच्या बायकोला नाही. त्याने माझ्या भावाला पुरातून काढलंय. आढ्यापासून पन्हळीपर्यंत अखंड, असे चोवीस पत्रे मागवले तिच्यासाठी. साडेपाच मीटर. प्रत्येक उंचवट्याला स्क्रू."

"शाबित कसं करणार?" रीटाने विचारलं.

"पत्रा सापडला तर सोपं. कारखान्यातून येतानाच आतल्या बाजूला गिऱ्हाइकाचं नाव आणि क्रमांक रंगाने लिहिलेला असतो. एकदा वर चढला की घर पडेपर्यंत तो कुणाला दिसत नाही."

परतताना नेव्ह म्हणाला, "खोटं बोलतोय. साडेपाच मीटरचे चोवीस पत्रे हवेत विरघळतात का?"

"विरघळत नाहीत. उडालेले पत्रे कुणी परत मागायलाही जात नाही का?"

"इथे? छे. पत्रा ज्याच्या जमिनीवर पडला त्याचा. माझ्या लहानपणापासून असंच आहे. नाहीतर प्रत्येक वादळानंतर सगळं गाव एकमेकांच्या अंगणात पत्रे ओळखत हिंडेल. ज्याच्याकडे आजारी माणूस, त्याने हाताला लागेल ते घ्यावं आणि घर झाकावं."

व्हिन्स बॉनफांती ट्रॅक्टरखालून बाहेर आला. पन्नाशीचा, रुंद, मवाळ आवाजाचा. एनिडची ताडपत्री त्यानेच बांधली होती. रोज संध्याकाळी तिला जेवणही तोच पोचवायचा.

"मिसेस एचचं काम होईल ना?" त्याने एनिडबद्दल पहिल्यांदा हेच विचारलं.

आत त्याची आई असुंता झोपून होती. एक्क्याण्णव वर्षांची. पाच वर्षं पलंगावरच. तिच्या खोलीच्या छताला नव्या रंगाचा वास होता.

"त्या दुपारचं सांग," रीटा म्हणाली.

"आईच्या पलंगाखाली मी गादी घातली होती. पावणेतीनच्या आसपास मिसेस एचचं छप्पर गेलं. डोक्यावरून प्रचंड पंखा फिरवत न्यावा तसा आवाज आला. आई म्हणाली, एनिडचं गेलं. मग डोळा आला. अर्धा तास काही नाही. शांत. आई गाणं म्हणत होती, लहानपणीचं."

"आणि नंतर?"

"नंतर पुन्हा वारा." तो हात पुसत राहिला. "आमचं थोडं उचकटलं. भागवलं."

बाहेर पावसाची सर आली. नेव्ह पागोळीखाली उभा होता. पाणी पन्हळीत पडायचं सोडून पलीकडे उडालं आणि थेट त्याच्या कॉलरमध्ये गेलं. त्याने वर पाहिलं. पत्रे पन्हळीच्या वीतभर पुढे आले होते. स्क्रूंच्या रांगेशेजारी करड्या सिलिकॉनच्या ठिपक्यांची आणखी एक रांग होती.

"फार काळजीचं काम," तो गाडीत मान पुसत म्हणाला. "माणसाने स्क्रू तर मारलेच, वर ठिपकेही दिलेत. नुसते पत्रे जरा लांब कापलेत."

रीटाने गाडी बंद केली. "कुठे दिलेत ठिपके?"

"स्क्रूच्या शेजारी."

"स्क्रूवर नाही?"

"नाही." नेव्ह थांबला. त्याला काहीतरी जाणवलं, पण ते हाताला लागेना. डोळ्यापुढे अजून निळा उजेड होता.

गुरुवारी दुपारी रीटाने एनिडच्या स्वयंपाकघरात व्हिन्सलाही बोलावलं. टोबी शुक्रवारी दहाला यायचा होता. "त्याच्याआधी तुम्ही दोघांनी ऐकावं," ती म्हणाली. ताडपत्री वाऱ्याने श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती. बेडूक कपाटावरच होता.

"घड्याळ दोन चाळीसला थांबलं," रीटाने सुरुवात केली. "व्हिन्सनेही तीच वेळ सांगितली. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे डोळा तीन पाचला आला, तीन पस्तीसला गेला. म्हणजे हे छप्पर डोळ्याच्या आधी उडालं. तेव्हा वारा कुठून होता?"

"दक्षिणेकडून," नेव्ह म्हणाला. "खालचं झाड. शेंडा उत्तरेला."

"आणि डोळ्यानंतर उलटा. वरचं झाड, शेंडा दक्षिणेला. टोबीच्या गावाकडे वादळ एकाच बाजूने येतं, त्याने हे पाहिलंच नाही. दक्षिणेच्या वाऱ्याने उडालेलं छप्पर घराच्या दक्षिणेला कसं पडेल? मागच्या अंगणातले पत्रे या घराचे नव्हेत. ते नंतर, उत्तरेकडून आले."

"सिद्ध कसं करणार?" एनिडने हळूच विचारलं.

"तुमच्या स्वप्नाने. मागे वळून पाहिलं तेव्हा छप्पर गेलं होतं आणि अंगणात नुसती पानं होती. छत्री उभी होती. तिच्यावर सुरय बसली होती. समुद्रावरचे पक्षी डोळ्यात अडकून एवढ्या आत येतात, आणि दमलेले असतात म्हणून हातात येतात. तिचं पीस तुमच्या बरणीत आहे. ते स्वप्न नाही, एनिड. तुम्ही डोळ्यात बाहेर गेला होतात."

एनिडने बोळातल्या पाटीकडे पाहिलं. "मॉर्ट असते तर आठ दिवस बोलले नसते माझ्याशी," ती म्हणाली. "गाव काय म्हणेल? त्यांचीच बायको. मला वाटलं, स्वप्न म्हणून सांगितलं की झालं." मग तिने विचारलं, "ती सुरय पिंपात दोन रात्री राहिली. डब्यातले सार्डिन मासे खाल्ले. मग उडाली. हे लिहावं लागेल?"

"लागेल."

नेव्हने टेबलावर बोट आपटलं. "मग ते जुने पत्रे कुणाचे? उत्तरेला तर फक्त..." त्याने व्हिन्सकडे पाहिलं.

"कॉलर वाळली का तुझी?" रीटा म्हणाली. "पत्रे वीतभर लांब आहेत, कारण ते दुसऱ्या घराच्या मापाचे आहेत. स्क्रूशेजारचे ठिपके म्हणजे बुजवलेली जुनी भोकं. त्या घराच्या रिपा वेगळ्या अंतरावर होत्या. छप्पर जागेवर असताना आतलं छत भिजलं, कारण ते जागेवर नव्हतं. नवव्या दिवशी टोबी आला तोवर बसलं होतं. आणि व्हिन्स, आवाज डोक्यावरून गेला असं तूच सांगितलंस. तुझ्या डोक्यावरून म्हणजे उत्तरेला. तुझ्या उसात."

व्हिन्सने पुढ्यातला कप बाजूला सारला.

"वीस पत्रे सरळसोट मिळाले," तो म्हणाला. "उसावर अंथरल्यासारखे. आई ओल्या गादीवर होती, तिला ताप होता. मी विचारच केला नाही कुणाचे. आपल्यात करत नाही कुणी. दोन दिवसांत चढवले. मिसेस एचला कंपनीचं पत्र आलं तेव्हा कळलं मला, तिच्या अंगणात पडलेल्या माझ्या पत्र्यांनी काय केलंय ते."

"मग बोलला का नाहीस, मित्रा?" नेव्हने विचारलं.

"अर्जात मीही 'स्क्रू' लिहिलं होतं. होते खिळे. आजोबांनी ठोकलेले. खरं सांगितलं तर माझे पैसे परत. ते आईच्या खोलीत घातलेत. वरचे पत्रेही जाणार. तिला कुठे ठेवू मी? रोज जेवण घेऊन यायचो तेव्हा वाटायचं, आज बोलू."

"मला माहीत होतं," एनिड म्हणाली.

तिघेही तिच्याकडे वळले.

"एप्रिलच्या पहिल्या पावसात. नऊ वर्षं त्या आवाजाखाली झोपलेय मी. अखंड पत्रा वेगळा वाजतो, वरून सुरू होतो आणि खाली वाहत येतो. इथे ताडपत्री नुसती फडफडत होती, आणि माझं छप्पर गल्लीपलीकडे वाजत होतं. मला वाटलं, असुंता कोरडी आहे. बरं झालं." तिने कप उलटा ठेवला. "रीटा, वाऱ्याचं लिही. पक्ष्याचंही लिही. पत्रे कुठे आहेत ते लिहू नकोस."

"मग टोबी विचारणारच, हे जुने पत्रे कुणाचे. त्याचं उत्तर नसेल तर ते तुमचेच धरतील. नुसतं स्वप्न आणि पीस पुरणार नाही. पत्र्याच्या आत तुमचं नाव आहे, तेवढंच पुरेल."

"तर मग पर्थ."

व्हिन्स उठला. खुर्ची टेबलाखाली सरकवली. मग पायऱ्या उतरून गेला. रीटाने अहवालाचा शेवटचा कागद एनिडपुढे ठेवला. त्यात पत्रे कुठे आहेत ती ओळ कोरी होती. एनिडने सही केली नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी एनिडच्या फाटकापाशी पोचताच नेव्हला स्क्रू काढायच्या यंत्राचा आवाज ऐकू आला. तो लंगडत गल्लीपर्यंत गेला. व्हिन्स शिडी लावून स्वतःच्या छपरावर चढला होता. असुंताला त्याने पलंगासकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून गल्लीपार आणलं होतं. ती आता एनिडच्या स्वयंपाकघरात, निळ्या उजेडात निजली होती आणि कपाटावरच्या बेडकाला इटालियनमध्ये काहीतरी सांगत होती.

"एकच काढ," नेव्हने खालून हाक मारली. "पुराव्याला एक पुरतो."

"तिचे आहेत," व्हिन्स वरून म्हणाला, आणि त्याने पुढच्या स्क्रूला यंत्र लावलं.

पहिला पत्रा गवतावर पालथा पडला होता. आतल्या बाजूला निळ्या रंगाची अक्षरं नऊ वर्षं अंधारात राहून कोरी करकरीत होती: 'हॅलोरन ७'.

टोबी दहाला आला. त्याने फोटोसाठी फोन बाहेर काढला, पत्र्यावर धरला, मग खाली घेतला. वर व्हिन्सकडे पाहिलं. आत असुंता गाणं म्हणत होती. "ही कोण?" त्याने विचारलं. रीटाने सांगितलं. तो पायरीवर बसला आणि अहवाल पहिल्या पानापासून वाचायला लागला.

कोऱ्या ओळीपुढे एनिडची सही अजून नव्हती. पेन तिच्या हातात होतं.

दुपारी चारपर्यंत व्हिन्सचे अकरा पत्रे उतरले होते. ईशान्येकडून ढग येत होते. एनिडचा दावा मंजूर होणार का, व्हिन्सचे पैसे परत जाणार का, कंपनीकडून काही कळलेलं नव्हतं.